आषाढातले गाव

पिरनवाडीच्या नाक्यावर रस्ता दुभंगतो. बेळगावहून आलेल्या वाहतुकीचा एक प्रवाह मच्छेवरून खानापूरकडे जातो आणि दुसरा किणये, जांबोटी, कणकुंबी असा चढत चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरतो. पहिल्या रस्त्याच्या अंगाला, आमच्या वस्तीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी आज राज्यभरातील दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न आहेत. दुसऱ्या रस्त्याने जांबोटीच्या पुढे गेले आणि डांबर सोडून रानात शिरले, की खानापूर तालुक्यातील ती गावे लागतात, जेथून ऐन पावसात आजारी माणसाला खांद्यावर वाहून रस्त्यापर्यंत आणावे लागते; आमगावची तशी बातमी बेळगावच्या वाचकांना नवी नाही. नाक्यावर उभे राहिले म्हणजे हे दोन्ही रस्ते एकाच दृष्टिक्षेपात येतात, आणि विद्यापीठातल्या मुलाला गावाच्या उन्नतीचे नेतृत्व करण्यास कसे शिकवावे, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात याच ठिकाणी नव्याने पडतो.

माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. ज्या विद्यार्थ्याने आषाढातले गाव पाहिलेले नाही, त्याला गावाच्या विकासाचे नेतृत्व कोणत्याही व्याख्यानमालेने शिकवता येणार नाही. आणि आपली बहुतेक शिबिरे, दत्तकग्राम-योजना व प्रकल्प मात्र मार्गशीर्ष-पौषात भरतात, जेव्हा सुगी आटोपलेली असते, ओढ्यांचे पाणी घोट्याखाली आलेले असते, कणग्यांत भात असतो आणि गाव पाहुण्याच्या स्वागताला मोकळे असते.

राष्ट्रीय सेवा योजनेविषयी मी कृतज्ञतेनेच बोलेन. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली, आणि तेव्हापासून तिने कितीतरी तरुणांना प्रथमच फावडे हाती धरायला लावले. पण तिचे मापच पाहा. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर. मी स्वतः काही वर्षे एका महाविद्यालयात या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. शिबिराच्या तारखा ठरवताना सहामाही परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव यांच्या मधला सोयीचा आठवडा आम्ही शोधत असू, आणि तो दरवेळी डिसेंबरात नाही तर जानेवारीत सापडे. गावाच्या पंचांगाकडे पाहण्याचे आम्हा कोणालाच सुचले नाही. प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, आणि शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते नारळ व शाल. अहवाल छायाचित्रांसह वेळेवर सादर होई, आणि त्यावर कोणी कधी आक्षेप घेतला नाही.

त्या शिबिरांत आमची मुले गावातील भिंतींवर घोषवाक्ये रंगवीत. स्वच्छतेची, साक्षरतेची, व्यसनमुक्तीची. एका वर्षी जांबोटीपलीकडच्या एका वाडीत रस्त्याच्या तोंडालाच असलेली एक मातीची भिंत मुलांनी चुन्याने सारवून तिच्यावर फार सुरेख अक्षरांत असेच एक वाक्य लिहिले होते. पुढे निवृत्तीनंतर, एका जुलैत, काही खाजगी निमित्ताने मी त्या वाडीत गेलो, तेव्हा ती भिंत पडलेली होती. आठ दिवसांच्या संततधारेने माती फुगली, पायाचे दगड सुटले आणि रात्रीच्या सुमारास भिंत बाहेरच्या बाजूला कलंडली. आत झोपलेली म्हातारी आणि तिची सून वाचल्या, कारण भिंत आत पडली नाही. चिखलात आमच्या अक्षरांचे निळे तुकडे दिसत होते. डिसेंबरात ज्या भिंतीकडे आम्ही फलक म्हणून पाहिले, ती जुलैत कोणाचे तरी घर होती, हे मला त्या दिवशी कळले, आणि इतकी वर्षे कळले नव्हते याचे दुःख अजून गेलेले नाही.

या पुढची हकिकत विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण विद्यार्थ्यांना काय शिकवावे याविषयी मला जे म्हणायचे आहे ते सारे तिच्यात आहे. पावसाने घर पडले की सरकारकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी पंचनामा होतो. तलाठी आला. (हुद्द्याचे नाव केव्हाच बदलले, पण आमच्याकडे लोक अजून तलाठीच म्हणतात.) अनेक वाड्यांचे पंचनामे डोक्यावर घेऊन भर पावसात दुचाकीवर आलेला तो तरुण मनुष्य सौजन्याने वागला, परंतु त्याने घराची नोंद विचारली आणि काम तेथेच थांबले. पंचायतीच्या दप्तरात घर आणि पहाणीपत्रकावर जमीन, दोन्ही म्हातारीच्या सासऱ्याच्या नावावर होती.

माझ्या ओळखीची दोन पदवी वर्गातली मुले त्या वर्षी माझ्या सांगण्यावरून वाडीत येऊ लागली होती. मुलगी बैलहोंगलकडची, कानडी माध्यमात शिकलेली. मुलगा नंदगडचा, मराठी शाळेतला. मुलीने विचारले, "आजी, तुमचे सासरे कधी वारले?" म्हातारी थोडा वेळ थांबून म्हणाली, "मामांजी गेलं तवा आमची थोरली पाळण्यात हुती." ती थोरली आता स्वतः नातवंडांची आजी आहे. मृत्यूची नोंद कोठेच नव्हती. एका वर्षाहून अधिक विलंब झालेल्या मृत्यूची नोंद करायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. हुकुमासाठी अर्ज, अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, प्रतिज्ञापत्राला साक्षीदार, आणि साक्षीदार असे हवेत की ज्यांनी तो मृत्यू पाहिला आहे. पंधरा दिवस हिंडून मुलांनी शेजारच्या वाडीतून दोन वृद्ध शोधून काढले, ज्यांनी त्या माणसाच्या तिरडीला खांदा दिला होता. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हते आणि दुसऱ्याला चालवत नव्हते; दुसऱ्याला मुलाने पाठुंगळी घेऊन ओहोळ ओलांडला, तोही पाणी उतरण्याची दोन तास वाट पाहून.

मग नाडकचेरी, म्हणजे तालुक्याखालचे महसूल कार्यालय. शुक्रवारी संध्याकाळच्या बसने ती दोघे जात, वाडीत मुक्काम करीत, सोमवारी सकाळी कचेरी उघडताच दारात उभी राहत आणि दुपारपर्यंत आपापल्या वर्गात परतत. महाविद्यालयाने हजेरीची सवलत दिली नाही, आणि या कामाला गुण तर कोठेच नव्हते. मुलीने मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली, जी चाळीस वर्षे या सीमाभागात राहूनही माझ्या लक्षात आली नव्हती. मृताच्या नावावरून वारसांच्या नावावर खाते चढवण्याला कानडी दप्तरात 'पौती' म्हणतात. हा आपल्या जुन्या मराठी कागदांतला 'फौत'च होय, फारसीतून दोन्ही भाषांनी घेतलेला. कचेरी, अर्जी, नकल, हाजरी, जमीन, खाते, उतारा, सारे शब्द इकडेही तेच आणि तिकडेही तेच. ज्या कानडी कागदाला वाडीतले मराठी लोक भिऊन पिशवीत गुंडाळून ठेवीत, तो कागद त्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा म्हातारीला त्यातले निम्मे शब्द कळले. भाषेच्या वादाने गेली सत्तर वर्षे पोळलेल्या या प्रदेशात, सीमाप्रश्नाविषयी ज्याचे जे मत असेल ते त्याने बाळगावे. पण सरकारी कागद वाचता न येणारा गरीब माणूस त्या मताची वाट पाहत थांबू शकत नाही, म्हणून दोन भाषांची दोन मुले जोडीने गावात पाठवणे हे मला आमच्या भागातल्या कोणत्याही प्रशिक्षणाचे पहिले कलम वाटते.

त्या पावसाळ्यात म्हातारीला भरपाई मिळाली नाही. कागद पुरे होईतो मुदत उलटून गेली होती. वारसा नोंद मात्र पुढच्या वर्षी झाली. आणि याहून मोठी गोष्ट अशी झाली, की दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली तिची सून, जी हे सारे सहा महिने चुलीजवळ बसून ऐकत होती, ती हळूहळू अर्ज भरायला शिकली. वाडीतल्या आणखी चार घरांच्या वारसा नोंदी तिने स्वतः नाडकचेरीत जाऊन लावल्या. कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी ती चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवते, म्हणजे दमट हवेने कागद चिकटत नाहीत. पिशवी उघडली की धुराचा वास येतो. नेता या शब्दाचा धातू 'नी', म्हणजे नेणे. आजाऱ्याला खांद्यावर नेणारे चौघे आणि ही पिशवी घेऊन कचेरीत जाणारी सून यांना सोडून त्या वाडीत दुसरे नेतृत्व मला दिसत नाही, आणि आमच्या दोन विद्यार्थ्यांची योग्यता मी अशासाठी मोठी मानतो की ते तिच्या उपयोगी पडले व बाजूला झाले.

हा विचार मी नव्याने मांडतो आहे असे नाही. आमच्याच मुलखातला एक पुरुष त्या मार्गाने नव्वद वर्षांपूर्वी चालून गेला होता. जयंत पांडुरंग नाईक, ज्यांना शिक्षणक्षेत्र जे. पी. नाईक या नावाने ओळखते, १९०७ साली आजरे तालुक्यातील बहिरेवाडीत अत्यंत गरीब कुटुंबात जन्मले. सविनय कायदेभंगात तुरुंगवास भोगून सुटल्यावर या मराठी पदवीधराने कोणत्याही शहरात नोकरी न शोधता धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या कानडी गावात बिऱ्हाड केले आणि तेथे ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा ज्यांच्या हातून लिहिला गेला, त्यांचे खरे विद्यापीठ ते एक गाव होते असे मी मानतो. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांनी भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारले; निपाणीहून मुधाळ तिट्ट्याच्या वाटेने गेले तर तास-दीड तासात तेथे पोहोचता येते. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंत सारे एका खेड्यात, खेड्यासाठी, ही त्यामागची कल्पना. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांनीही तेथे काही काळ काम केले. १९५६ च्या सुमारास केंद्र सरकारने देशात ज्या थोड्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्था काढल्या, त्यांतली एक गारगोटीला मिळाली, आणि ग्रामसेवेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम तेथे सुरू झाला.

त्या संस्था बहुतेक ठिकाणी टिकल्या नाहीत. पुढे त्यांतल्या कित्येक सामान्य महाविद्यालये झाल्या किंवा विद्यापीठांत विलीन झाल्या. याचे कारण विद्यार्थ्यांच्या ध्येयवादाच्या उणिवेत शोधण्याची प्रथा आहे. ती मला अन्यायाची वाटते. पदविका पदवीच्या बरोबरीची आहे असे सरकारने कागदावर मान्य केले खरे, पण पुढच्या शिक्षणाची आणि चाकरीची दारे तिला पदवीइतकी मोकळी झाली नाहीत. शेतकऱ्याचा मुलगा तीन वर्षे घालवून जे पत्र मिळवतो, त्याने त्याचे पोट भरणार की नाही हे विचारणे हा त्याचा हक्क होता, आणि त्याने तो विचारला. आमच्या त्या दोन मुलांना हजेरीची सवलत मिळाली नाही, ही जुन्या दुखण्याचीच एक छोटी शाखा आहे. सेवेची स्तुती करायची आणि गुणपत्रिकेत तिला स्थान द्यायचे नाही, हे आपण सत्तर वर्षे करीत आलो आहोत.

एकदा याच्या अगदी उलट प्रस्तावही झाला होता, आणि तोही एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या समितीने अशी शिफारस केली, की माध्यमिक शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीने करावी. खर्च आणि व्यवस्थेच्या अडचणींमुळे ती अंमलात आली नाही. पुढे शिक्षणतज्ज्ञ सैयदैन यांनी इतर देशांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे सुचवले, आणि कालांतराने आजची योजना जन्मली. सक्ती मलाही मान्य नाही, कारण ज्याला जायचे नाही असा मुलगा गावावर भार होतो. परंतु देशमुखांच्या हिशेबातले नऊ महिने मला अर्थपूर्ण वाटतात. रोहिणीत धूळवाफ पेरणी होते आणि भात मळून घरात येईतो मार्गशीर्ष उजाडतो. त्यापुढे वैशाखातली पाणीटंचाई. गावाचा संसार कळायला तेवढा काळ लागतोच, सात दिवसांत त्याचे तोंडही दिसत नाही.

मग काय करावे? बेळगावला दोन सरकारी विद्यापीठे आहेत. तांत्रिक विद्यापीठाचा उल्लेख वर आला. दुसरे राणी चन्नम्मा विद्यापीठ, २०१० साली स्थापन झालेले. त्यांनी पुढच्या जूनपासून, हवे तर दहाच गावांपुरते, एक पूर्ण सत्र गावातल्या मुक्कामाला द्यावे आणि त्याचे पूर्ण श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा करावेत. मुक्काम जून ते नोव्हेंबर. पहिले दोन महिने विद्यार्थ्याने कोणतीही योजना सुचवू नये, एवढा एक निर्बंध मी आग्रहाने घालीन. त्याने रोप लागणीला चिखलात उतरावे, रेशन दुकानापुढच्या रांगेत उभे राहावे, अंगणवाडीचे वजनाचे पत्रक आणि रोजगार हमीचे हजेरीपत्रक वाचायला शिकावे, कोणत्या घरी कोणत्या हप्त्याची तारीख कधी येते ते समजून घ्यावे, ग्रामसभेत मागच्या रांगेत बसून ऐकावे. अहवाल त्याने गावाच्या भाषेत लिहून ग्रामसभेत वाचावा आणि त्याची एक प्रत पंचायतीच्या दप्तरी राहावी. गुण देताना निम्मा अधिकार प्राध्यापकाचा, निम्मा गावाचा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा या कागदपत्रांशी काय संबंध, असे मला एका स्नेह्याने विचारले. त्यांना मी मुंबईच्या आय.आय.टी.चे उदाहरण दिले. तेथे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे केंद्र, सितारा, १९८५ पासून चालू आहे. तेथील विद्यार्थ्यांना गावातला मुक्काम अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून करावा लागतो, आणि कर्जत, शहापूर यांसारख्या तालुक्यांतील नळपाणी योजनांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आहे. नळ कोरडा का पडतो याचे उत्तर पंपाच्या अश्वशक्तीत असते, तसे वीजबिलाच्या थकबाकीत असते, टाकीच्या जागेवरून झालेल्या तंट्यात असते, आणि मे महिन्यात विहीर कोठवर खाली जाते यातही असते. मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबीचा परिसर आषाढात पाण्याखाली असतो. त्याच डोंगरउतारावरच्या वाड्यांत वैशाखात बायका झऱ्याच्या डबक्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. हे दोन्ही पाहिलेला अभियंता आणि एकच पाहिलेला अभियंता यांच्या आराखड्यांत अंतर पडणारच.

पालकांची भीती मात्र मी क्षुल्लक मानीत नाही. जळवा, साप, ताप, फुगलेले ओढे, न लागणारा फोन. मुलींच्या राहण्याचा प्रश्न तर प्रत्येक घरात निघेल. त्याची तजवीज विद्यापीठानेच केली पाहिजे: एखाद्या जाणत्या कुटुंबात राहण्याची सोय, पाच गावांमागे जांबोटी-कणकुंबीसारख्या ठिकाणी मुक्कामाला राहणारा एक अध्यापक, औषधपेटी, विमा, आणि पाणी चढलेले असताना कोणीही ओढा ओलांडणार नाही असा कडक नियम. यासाठी पैसा लागेल. स्नेहसंमेलनांचे मंडप उभारायला आपल्याला तो कमी पडलेला मी पाहिला नाही. आणि गावातल्या मुली त्याच ओढ्यांतून रोज शाळेला जातात, ही गोष्ट शहरातल्या पालकांना निदान एका पावसाळ्यापुरती बोचली, तर तेही एक शिक्षण होईल.

निपाणीकडची स्थिती आणखी निराळी. तेथले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात, विद्यापीठ कोल्हापूरचे, आणि निपाणी गाव कर्नाटकात. सकाळी एका राज्यातून निघून विद्यार्थी दुसऱ्या राज्यात शिकतात. ज्यांचे सारे विद्यार्थिजीवन सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून गेले, त्यांना तंबाखूच्या शेतातल्या आणि वखारीतल्या माणसांची दोन राज्यांच्या योजनांमध्ये कशी ओढाताण होते, हे कोणी वेगळे शिकवण्याची गरज नाही. त्यांच्यातली पंचवीस मुले जरी दोन्हीकडच्या खेड्यांत एक पावसाळा राहिली, तरी दोन्ही सरकारांना वाचण्याजोगे काहीतरी ती लिहितील.

बैलहोंगलची ती मुलगी आता नोकरीला लागली आहे. नंदगडचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. गेल्या आषाढात मी पुन्हा वाडीत गेलो होतो. म्हातारी घराबाहेर फारशी येत नाही. पडलेल्या भिंतीच्या जागी पत्रे लावले आहेत, आणि भिंत बांधण्यासाठी सुनेने नव्याने अर्ज केला आहे. या वेळी घर तिच्या सासूच्या नावावर आहे. तिने आढ्याची पिशवी खाली काढली, पोचपावती शोधून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "गुरुजी, तारीख नीट वाचा, मला पाच आहे का सहा ते कळंना." शाई पसरली होती. मी ती पावती दाराच्या उजेडात नेली. बाहेर पाऊस इतका होता की समोरचा ओहोळ दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.